चॅटबॉट सोबत घेऊन लघुप्रबंध

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला की विद्यार्थी आधी विषय विचारत नाहीत, पानं किती ते विचारतात. पूर्वी ही पानं विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायची. मागच्या वर्षीचाच प्रबंध, फक्त वरचं नाव बदललेलं. त्यामुळे नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आला आणि मुलं नक्कल करायला लागली, असं स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं की मला हसू येतं. नवं जे घडलंय ते वेगळं आहे. आता प्रामाणिक विद्यार्थ्याचीही फसगत होते. झेरॉक्सवाल्याकडून प्रबंध घेणाऱ्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक असायचं. ‘जरा समजावून सांग’ म्हणत चॅटबॉटशी बोलत बसलेल्या मुलीला मात्र महिन्याभरानं वहीतलं एखादं वाक्य पुस्तकातलं, स्वतःचं की यंत्राचं, हे सांगता येत नाही.

ही कृती अशा प्रामाणिक विद्यार्थ्यांसाठी आहे. उदाहरण एकच धरते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. सांगली जिल्ह्यातली अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी समजा, आणि तिचा विषय : महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आणि तिच्यावर काम करणाऱ्या बायका. वि. स. पागे याच जिल्ह्यातले, योजनेची कल्पना त्यांची, आणि दुष्काळी कामांवर गेलेल्या आज्या अजून गावोगाव भेटतात. विषय घराजवळचा आहे, कागद भरपूर आहेत आणि चॅटबॉटला चुकायला जागाही भरपूर आहे.

सगळ्या पायऱ्यांना लागू असलेला नियम आधी सांगते. चॅटबॉट वाद घालायला घ्या, साक्षीला घेऊ नका. तुमचं म्हणणं कुठे लंगडं आहे ते त्याला विचारा. एखादी गोष्ट घडली का, कुणी लिहिली का, कोणत्या पानावर आहे, हे त्याच्या शब्दावर मानू नका. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत तो वाक्य विणतो. खरं आणि खरं वाटणारं यांतला फरक त्या विणकामात आपोआप येत नाही. आपल्याकडे अनोळखी गावात रस्ता विचारला की ‘मला माहीत नाही’ म्हणणारा माणूस क्वचित भेटतो. हात दाखवून तो ठामपणे कुठली तरी दिशा सांगतोच. हा त्याच गावचा.

सुरुवात करण्याआधी

मार्गदर्शकांना विचारा. ‘सर, चॅटबॉट वापरला तर चालेल का?’ असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळेल. एकेका कामाचं नाव घेऊन विचारा. इंग्रजी लेख समजून घ्यायला चालेल का? मराठीतलं शुद्धलेखन तपासायला? मसुद्यावर आक्षेप मागायला? परिच्छेद लिहून घ्यायला? भेट संपल्यावर ‘आज आपलं असं ठरलं’ म्हणून दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवा. विद्यापीठागणिक नियम वेगळे आहेत, कधी एकाच विभागातल्या दोन मार्गदर्शकांचेही. सहा महिन्यांनी कुणाच्याच आठवणीवर विसंबायची वेळ येऊ नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाची साहित्यचौर्याविषयीची २०१८ ची नियमावली एकदा मुळातून वाचा, फार मोठी नाही. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायची. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देताच येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. मुलं इथे लगेच हिशेब करतात : चॅटबॉटचा मजकूर कुठून उचललेला नसतो, म्हणजे साम्य कमी येणार, म्हणजे आपण सुटलो. त्याच नियमावलीत विद्यार्थ्यानं द्यायच्या हमीपत्राचा उल्लेख आहे. हे लेखन मी स्वतः तयार केलं आहे आणि ते माझं मूळ काम आहे, अशी ती हमी. दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराखाली ती सही करणं म्हणजे खोटं लिहून देणं, टक्केवारी शून्य आली तरी.

एक जाड वही घ्या. डाव्या पानावर वाचलेलं, पुस्तकाच्या नावासह आणि पान क्रमांकासह. उजव्या पानावर स्वतःचं. चॅटबॉटकडून आलेलं काहीही उतरवायचं तर हिरव्या शाईनं. मोबाइलवर टिपणं काढत असाल तर हिरव्या अक्षरात. पोरकट वाटेल, पण पुढचं निम्मं काम ही शाई करते.

पायरी १ : प्रश्न स्वतः घाला

या पायरीला लॅपटॉप बंद ठेवा. चॅटबॉटला ‘रोजगार हमीवर प्रबंधासाठी दहा विषय सुचव’ म्हटलं तर तो दहा सुचवेल. त्यांतले निदान सात ‘महिला सक्षमीकरणावर झालेला परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’ या साच्यातले असतील. असले प्रकल्प मी दरवर्षी तपासते आणि त्यांत वाईट काहीच नसतं, हीच त्यांची अडचण असते.

त्यापेक्षा आजीकडे जा. कामावर जाताना तान्हं मूल कुठे ठेवायचात, एवढंच विचारा. ती सांगेल : झाडाला झोळी बांधून, थोरल्या पोरीला शाळेतून काढून तिच्याजवळ, सासूजवळ, किंवा त्या दिवशी गेलेच नाही. इथे तुमचा प्रश्न उभा राहतो. कामाच्या जागी मुलांची सोय असण्या-नसण्याचा बायकांच्या हजेरीशी काय संबंध होता? तो दोन-तीन वाक्यांत वहीत उजव्या पानावर लिहा आणि मग लॅपटॉप उघडा.

आता चॅटबॉटला असं सांगा : ‘हा माझा संशोधनप्रश्न आहे. तू कडक परीक्षक आहेस. यातल्या कच्च्या जागा दाखव. नवा विषय सुचवू नकोस, उत्तर देऊ नकोस, कौतुक करू नकोस.’ शेवटची सूचना महत्त्वाची. ती दिली नाही तर पहिली ओळ ‘खूपच छान आणि समर्पक विषय!’ अशी येते आणि विद्यार्थी तिथेच सुखावतात. सूचना दिलीत की तो कामाचं विचारेल : कोणता तालुका, कोणती वर्षं, हजेरीपट पाहायला मिळणार आहेत का, आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या बाईच्या आठवणीवर किती भिस्त ठेवणार. हे आक्षेप हिरव्या शाईत उतरवा आणि प्रत्येकापुढे आपलं उत्तर लिहा. ज्याला उत्तर नाही ते मार्गदर्शकांच्या भेटीला घेऊन जा. या कामात चॅटबॉट मला खरोखर आवडतो. रात्री अकरा वाजता तुमच्या कच्च्या प्रश्नावर एवढं डोकं घालणारं दुसरं कुणी भेटणार नाही.

पायरी २ : शोधशब्द

इथेही त्याचा चांगला उपयोग होतो. रोजगार हमीवरचं बरंच गंभीर लेखन इंग्रजीत आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांचं घोडं तिथेच अडतं. ग्रंथालयाच्या सूचीत काय टाइप करायचं तेच कळत नाही. चॅटबॉटला विषय मराठीत सांगा आणि इंग्रजीतले जुने-नवे पारिभाषिक शब्द मागा, सरकारी कागदात वापरले जाणारेही मागा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. महाराष्ट्रानं १९६३ मध्ये खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला. त्यानंतरच्या सरकारी कागदांत तुम्हाला ‘स्कॅर्सिटी’ सापडेल, मराठीत टंचाई. नुसता ‘फॅमिन’ टाकून शोधणारा १९७२ च्या दुष्काळाच्या कागदांपाशी पोचून रिकाम्या हातानं परत येईल. शब्दांची यादी झाली की तिच्यावर ग्रंथपालांची नजर फिरवून घ्या.

पायरी ३ : संदर्भ, आणि इथे घाई नको

चॅटबॉटला पुस्तकांची यादी मागितली की ती सुबक येते. लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पानं, सगळं जागच्या जागी. यादी खोटी असू शकते हे आता बहुतेकांना ऐकून माहीत आहे. खोटेपणाची तऱ्हा मात्र माहीत नसते. सगळंच बनावट असतं तर कुणीही पकडलं असतं. लेखकाचं नाव खरं असतं, नियतकालिक खरं असतं, विषय त्या लेखकाला शोभणारा असतो. फक्त तो लेख कधी लिहिला गेलेला नसतो.

कुमुदिनी दांडेकरांचं उदाहरण घ्या. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या या अभ्यासक. रोजगार हमी ही बायकांना मिळालेली कामाची संधी आहे, या अंगानं त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९८३ मध्ये निघालं. मंजू साठे यांच्यासह त्यांचा एक लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १९८० मध्ये आला. आता चॅटबॉटनं तुम्हाला दांडेकरांचाच, त्याच साप्ताहिकातला, १९८६ सालचा, पाळणाघरांवरचा लेख दाखवला तर? तुमच्या प्रश्नाला अगदी हवा तसा! हवा तसा आहे म्हणूनच थांबा. तुमच्या प्रश्नाला शोभेल असं नाव जुळवणं हे त्याचं सर्वांत सफाईचं काम आहे.

न्यूयॉर्कच्या दोन वकिलांना याचा धडा जून २०२३ मध्ये मिळाला. एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात त्यांच्या कागदपत्रांत चॅटजीपीटीनं दिलेले, कधीच न झालेले निवाडे होते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. हे निवाडे खरे आहेत का, असंही त्यांतल्या एका वकिलानं विचारलं होतं, आणि तेही चॅटबॉटलाच. होय, असं उत्तर आलं. ‘हा संदर्भ नक्की आहे ना?’ असा प्रश्न परत त्याच खिडकीत टाइप करणाऱ्या प्रत्येकानं हा खटला लक्षात ठेवावा.

पडताळणी अशी करा. पुस्तक असेल तर ग्रंथालयाच्या सूचीत शोधा. आपलं ग्रंथालय लहान असेल तर गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय किंवा विद्यापीठाचं ग्रंथालय पाहा. लेख असेल तर नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची, त्या अंकाची अनुक्रमणिका उघडा. ‘वीकली’चे जुने अंक जेस्टोरवर आहेत. महाविद्यालयाला एन-लिस्टचं सदस्यत्व असेल तर काय काय उघडता येतं ते ग्रंथपालांना विचारा, बऱ्याच ठिकाणी लॉगिन असूनही कुणी मागायलाच जात नाही. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर पाहा, तिथे पूर्ण मजकूर मिळतो. संदर्भासोबत डीओआय क्रमांक दिलेला असेल तर तो उघडून वेगळाच लेख तर येत नाही ना, हे बघा. बनावट संदर्भाला खऱ्या लेखाचा क्रमांक चिकटलेला असणं, हा नेहमीचा प्रकार.

इंटरनेटवर शोधून उत्तर देणारे चॅटबॉट आता दुवे देतात आणि त्यामुळे विद्यार्थी निर्धास्त होतात. दुवा उघडतो, पान खरं असतं, पण जे वाक्य त्या पानाच्या नावावर खपवलंय ते तिथे नसतं. म्हणून दुवा उघडल्यावर ते वाक्य शोधा. सापडलं नाही तर हिरव्या ओळीवर काट मारा.

मराठी साधनांच्या बाबतीत तर चॅटबॉटकडे फार जाऊच नका. जिल्हा गॅझेटियर, वाईला घडलेला मराठी विश्वकोश, विधिमंडळातल्या चर्चा, त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या फायली यांतलं त्याला जे माहीत असतं ते अर्धवट असतं आणि तो ते पूर्ण असल्यासारखं सांगतो. विश्वकोश तर संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, मग मध्यस्थ कशाला?

पायरी ४ : वाचन

संदर्भ हाताशी आले. इंग्रजी जड आहे. आता चॅटबॉटची मदत घ्यायला मी मोकळेपणानं सांगते, कारण याच ठिकाणी तालुक्याच्या गावातली मुलं मागे पडत आली आहेत. पण संपूर्ण लेख टाकून ‘सारांश दे’ म्हणू नका. आधी लेख एकदा स्वतः, अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचा. कळला नाही त्या परिच्छेदावर पेन्सिलनं खूण करा. तेवढेच परिच्छेद घ्या आणि मराठीत समजावून मागा.

रोजगार हमीवरच्या लेखनात एक कल्पना वारंवार येते : काम अंगमेहनतीचं आणि मजुरी बेताची ठेवली की गरजू तेवढेच येतात, वेगळी निवड करावी लागत नाही. चॅटबॉट हे छान समजावतो. समजल्यावर खिडकी बंद करा आणि आपल्या गावाच्या उदाहरणानं वहीत उजव्या पानावर लिहा. खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला कोण गेलं? कोण गेलं नाही? तान्हं मूल असलेली सर्वांत गरजू बाई गेली का? शेवटच्या प्रश्नापाशी ही कल्पना तुमच्या विषयाशी घासते. घर्षणाची ही जागा सारांशात हाती लागली नसती.

सारांशात आणखीही काही हरवतं. चॅटबॉटला विचारा, रोजगार हमी योजना केव्हा सुरू झाली? बहुधा एक साल मिळेल. कागदांत मात्र साठच्या दशकातला तासगाव तालुक्यातला प्रयोग आहे, योजनेच्या नावापुढे नेहमी लिहिलं जाणारं १९७२ आहे, १९७७ चा कायदा आहे, आणि त्या कायद्याचा अंमल सुरू झाला तो २६ जानेवारी १९७९ हा दिवस आहे. यांतलं एकही साल चुकीचं नाही. प्रयोग, योजना, कायदा आणि कायद्यानं मिळालेला हक्क, यांतलं तुम्ही कशाबद्दल बोलताय त्यावर साल ठरतं, आणि तुमच्या प्रकल्पाचा काळ कुठून मोजायचा तेही.

दुसरी नेहमीची गल्लत म्हणजे शंभर दिवस. कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची हमी हा केंद्राच्या २००५ च्या कायद्याचा भाग. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची तशी मर्यादा नव्हती आणि हमी कुटुंबाला नसून प्रौढ व्यक्तीला होती. सून आणि सासू दोघींना स्वतंत्रपणे काम मागता येणं, ही तुमच्या विषयातली किती मोठी गोष्ट आहे! चॅटबॉटनं दोन कायद्यांची सरमिसळ केली आणि तुम्ही ती उतरवलीत, तर पूर्ण प्रकरण पायातच चुकेल. कायद्याचा मजकूर स्वतः वाचा.

पायरी ५ : मुलाखती

मुलाखत देणाऱ्या बाईचं नाव, गाव, फोन, आवाज, यांतलं काही चॅटबॉटमध्ये टाकू नका. तिनं माहिती तुम्हाला दिली आहे, परदेशातल्या कुठल्या कंपनीला नव्हे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा नसता तरी ओसरीवर बसवून चहा पाजणाऱ्या माणसाशी असं वागायचं नसतं. टिपणं तपासून घ्यायचीच असतील तर आधी ‘बाई क्र. १’, ‘गाव क’ असे बदल करा. आवाजावरून लेखी मजकूर करणारं साधन वापरणार असाल तर मुलाखतीआधीच तशी परवानगी मागा आणि ‘नको’ म्हणाली तर हातानं लिहा.

हातानं लिहिणं तसंही चांगलं. ही साधनं बोलीला प्रमाण मराठीचा इस्त्री केलेला सदरा घालतात. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो, मुकादमाची हजेरी हे शब्द यंत्राला अनोळखी वाटले की ते जवळचा ओळखीचा शब्द बसवतं आणि वाक्य बिनबोभाट पुढे जातं. आजी थांबली, हसली, विषय बदलला, हे तर कुठेच उतरत नाही. तुमच्या प्रश्नाला, म्हणजे मूल कुठे ठेवलं या प्रश्नाला, कित्येकदा हे थांबणंच उत्तर असेल.

पायरी ६ : आकडे

टक्केवारी, सरासरी वगैरे स्प्रेडशीटमध्ये काढा. सूत्र कोणतं टाकायचं ते चॅटबॉटला विचारा, उत्तर विचारू नका. एक तरी ओळ कागदावर हातानं पडताळा. याहून जास्त इथे सांगण्यासारखं नाही.

पायरी ७ : लिहिणं

पहिला मसुदा तुमचा. वेडावाकडा, पाल्हाळिक, कसाही. कोऱ्या पानाची भीती सगळ्यांना वाटते, आणि ‘प्रस्तावना लिहून दे, मग मी बदलते’ हा मोह नेमका त्या वेळी होतो. पण मग तुम्ही बदलता शब्द, सांगाडा त्याचाच राहतो. काय आधी सांगायचं, काय कमी महत्त्वाचं, शंका कुठे घ्यायची, हे ठरवणं म्हणजेच संशोधन. ते त्यानं केलं तर तुमच्याकडे टंकलेखन उरलं.

चॅटबॉटची मराठी ओळखायला फार वेळ लागत नाही. योजना ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, ग्रामीण जीवनावर ‘सकारात्मक परिणाम’ होतो, समस्या ‘बहुआयामी’ असते, प्रत्येक गोष्ट तीन-तीनच्या जुडग्यात येते आणि परिच्छेद ‘एकंदरीत पाहता’ म्हणून संपतो. खरं सांगायचं तर यातली बरीच वाक्यं आपल्याच सरकारी अहवालांची आणि गाइडांची आहेत, ती त्यानं आपल्याला परत केली इतकंच. तुम्ही न वापरताही अशी लिहीत असाल तर आता सोडा, उगाच संशय ओढवेल.

मसुदा झाल्यावर एकेक प्रकरण देऊन सांगा : ‘वाक्यं दुरुस्त करू नकोस. कोणतं विधान पुराव्याशिवाय केलंय, कुठे मी एकाच गावावरून साऱ्या जिल्ह्याबद्दल बोलते, कुठे माझ्याच आधीच्या पानाशी विसंगत लिहिते, तेवढं दाखव.’ वीस आक्षेप आले तर त्यांतले पाच-सहा खरे असतात. बाकीचे तो आक्षेप घ्यायला सांगितलं म्हणून घेतो. कोणते खरे ते तुम्ही ठरवायचं आणि दुरुस्तीही तुम्हीच लिहायची.

शुद्धलेखनासाठी त्याच्यावर विसंबू नका. ऱ्हस्व-दीर्घात तो ठाम सुरात चुकतो, आणि एका प्रकरणात एक तर दुसऱ्यात दुसरं रूप देतो. मो. रा. वाळंब्यांचं ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’ टेबलावर ठेवा. इंग्रजीत प्रकल्प लिहिणाऱ्यांनी भाषा तपासून घ्यायला हरकत नसावी, पण मार्गदर्शकांना विचारून, परिच्छेदागणिक, आणि प्रत्येक बदल पाहून. ‘सुधारून दे’ म्हटलं की ‘काही बायकांनी सांगितलं’ याचं ‘बायकांनी सांगितलं’ होतं. सांगण्याच्या सफाईत तुमचा ‘काही’ गेला, आणि त्याबरोबर खरेपणाही.

पायरी ८ : वापर लिहून जाहीर करा

संशोधनपद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद द्या. ऋणनिर्देशात नको. तिथे आईवडील आणि ग्रंथपाल असतात, आणि चॅटबॉटचे आभार मानण्याची फॅशन मला तरी विनोदी वाटते. सहलेखक म्हणून तर त्याचं नाव येऊच शकत नाही. प्रकाशननीती ठरवणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२३ मध्येच हे स्पष्ट केलं. लेखनाची जबाबदारी जो घेऊ शकत नाही तो लेखक नव्हे, असं त्यामागचं कारण. परिच्छेद साधारण असा असावा :

‘या प्रकल्पात चॅटजीपीटी (विनामूल्य आवृत्ती, ऑगस्ट ते डिसेंबर) पुढील कामांसाठी वापरला : इंग्रजी शोधशब्द सुचवून घेणे, प्रकरण २ मधील दोन इंग्रजी लेखांतले अवघड परिच्छेद समजून घेणे, प्रकरण ४ च्या मसुद्यावर आक्षेप मागवणे. कोणताही परिच्छेद चॅटबॉटने लिहिलेला नाही. सर्व संदर्भ मी मूळ प्रतीत पाहिले आहेत. मुलाखतींचा मजकूर चॅटबॉटला दिलेला नाही. संभाषणांची प्रत मागितल्यास सादर करता येईल.’

यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल तरच लिहा. साल आणि आवृत्ती तुमची घाला. शेवटचं वाक्य खरं ठरावं म्हणून संभाषणं पुसून न टाकता फाइलमध्ये उतरवून ठेवा.

पायरी ९ : खोटा आळ आला तर

मजकूर यंत्राचा आहे का ते ओळखणारी सॉफ्टवेअरं आता महाविद्यालयांत आली आहेत. साम्य मोजणं आणि यंत्राचा हात ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात कुठल्या ओळी कुठून आल्या ते दाखवता येतं. दुसऱ्यात फक्त अंदाज असतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी पडते म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. मोजकी शब्दसंपत्ती आणि सरळ वाक्यं हा त्यांना गुन्हा वाटला. आपले इंग्रजीत लिहिणारे बहुतेक विद्यार्थी असंच लिहितात. ‘८० टक्के एआय’ एवढ्या एका आकड्यावर मुलाला नापास करणारे मार्गदर्शकही मग चॅटबॉटच्या शब्दावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्यासारखंच वागतात, हे माझ्या पेशातल्या लोकांनाही सांगायला हवं.

यावर ‘माणसासारखं करून देणारी’ साधनं विकली जातात. ती वापरू नका. स्वतःचा मजकूर त्यातून काढलात तरी तो तुमचा राहत नाही, आणि सापडलात तर खुलासा करायला तोंड उरत नाही. तुमचा बचाव म्हणजे ती वही. तिच्याखेरीज तारखांसह ठेवलेले मसुदे, गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर त्यातला बदलांचा इतिहास, मार्गदर्शकांच्या खुणा असलेले कागद. आळ आलाच तर आवाज न चढवता विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करा, हे सगळं सोबत जोडा आणि तोंडी परीक्षा घेण्याची विनंती करा. ज्यानं स्वतः लिहिलंय त्याला तोंडी परीक्षेइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

पायरी १० : तोंडी परीक्षेची तयारी

बायंडिंगला टाकण्याआधी आठवडाभर हातात ठेवा. प्रकल्प न देता फक्त शीर्षक, संशोधनप्रश्न आणि निष्कर्ष चॅटबॉटला द्या आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासारखे प्रश्न एकेक करून विचारायला सांगा. उत्तरं टाइप करू नका, मोठ्यानं बोला, मैत्रिणीला समोर बसवा. सरकारी हजेरीपटात बायकांची नावं नवऱ्याच्या नावाखाली गेली असतील तर तुमच्या आकड्यांचं काय? नऊ मुलाखतींवरून तुम्ही हे कसं म्हणता? दांडेकरांचं पुस्तक १९८३ चं, त्यानंतर काय बदललं?

मग छापलेली प्रत घ्या आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचा. जे वाक्य कुणी ‘म्हणजे काय?’ विचारलं तर तुम्हाला घरच्या भाषेत सांगता येणार नाही, त्याच्यापुढे फुली मारा. फुलीची वाक्यं वहीशी ताडून पाहा. डाव्या पानावर मूळ सापडलं तर ते पुन्हा वाचा आणि वाक्य नव्यानं लिहा. फक्त हिरव्या शाईत सापडलं, किंवा कुठेच सापडलं नाही, तर वाक्य काढून टाका. पानं कमी भरतील. किमान पानांची अट मोडत असेल तर मुलाखतींतली बायकांची उत्तरं परिशिष्टात त्यांच्याच शब्दांत, नाव न देता, सविस्तर घ्या आणि मग बायंडिंगला टाका.